शिकलगार, चंद्रहास, शमशेर: पात्यांची नावं

सीताबर्डीकर: शिकलगार म्हणजे शिकलेला का? अन् भाच्याचं नाव चंद्रहास ठेवतो आहोत, त्यात हसू आहे की तलवार?

महालवाला: भाऊ, शिकण्याशी काहीच संबंध नाही. अरबी 'सैकल' म्हणजे धातूला जिल्हई, चकाकी; त्याला फारसी 'गर', म्हणजे करणारा. तलवारी-सुऱ्यांना धार लावणारा तो शिकलगार. साणेवर पातं पाण्याविना दाबून धरलं तर कड तापून निळी पडते, तिथलं पोलाद मऊ होतं अन् धार टिकत नाही. त्या हाताच्या कसबाचं हे आडनाव आहे, फार देखणं!

धंतोली: चंद्रहासात दोन्ही आहे. अमरकोशात तो खड्गाचाच पर्याय, अन् रावणाला शिवाने दिलेली तलवारही तीच. निःशंक ठेवा. शमशेर फारसी, सैफ अरबी, अर्थ तलवारच.

महालवाला: आडनाव मात्र नुसत्या आवाजावरून जोडू नका. खडके बहुधा खडकावरून, खड्गावरून नव्हे. तहसिलीतून कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढा. मोडी नोंदीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो, म्हणून एकाच घरच्या दोन-तीन नोंदी ताडून पाहा.