स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यात ग्रॅव्हल सायकलिंग: मुक्काम कुठे, रूट कोणते?

चोरल_घाट, इंदूर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ झुरिकला असतो, पुढच्या ऑगस्टमध्ये आईला घेऊन त्याच्याकडे जातोय आणि त्यातला एक आठवडा एंगाडिन खोऱ्यात काढायचं ठरलंय. इथे आमचा ग्रुप रविवारी महू, पातालपानी, जाम गेट असा फिरतो, मुरमाच्या रस्त्यांची सवय आहे पण आल्प्समध्ये कधी सायकल चालवलेली नाही. नकाशा उघडला की इतक्या वाटा दिसतात की कुठली ग्रॅव्हल बाइकची (खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल) आणि कुठली एमटीबीवाल्यांची (माउंटन बाइक) तेच कळत नाही. तिथल्या स्विस नॅशनल पार्कभोवतीच्या मोठ्या सर्कलबद्दल वाचलं, १३७ किलोमीटरचं, तेव्हापासून डोक्यात तेच आहे, ते ग्रॅव्हल बाइकवर होईल का? माझे टायर ४० एमएमचे, पुढे ४० दात्यांची एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागच्या चक्रांना ११ ते ३४ दाते. सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? आणि मुख्य गोष्ट, आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिला दिवसभर हॉटेलात एकटं बसवून मी हिंडायचं हे मला अजिबात नकोय, निदान दुपारनंतर तरी सोबत असू असं काही सुचवा.

तुकोगंजकर, सध्या म्युनिक

दादा, सर्कल सोडा, मनापासून सांगतो. त्यात चास्चाउना खिंड आहे, २६९४ मीटर, तिथे एमटीबीवालेसुद्धा सायकल ढकलत चढतात, आणि रोज मुक्काम बदलायचा म्हणजे आईचे हाल. एंगाडिनची खरी मजा बाजूच्या छोट्या खोऱ्यांत आहे, एका गावात सामान टाका आणि रोज वेगळ्या खोऱ्यात आत जाऊन परत या. मी सामेदान किंवा पोन्त्रेसिना म्हणेन, दोन्हीकडून रेल्वे सगळीकडे जाते.

पहिला दिवस मालोया खिंडीचा ठेवा. वरच्या एंगाडिनचा तळच १८०० मीटरवर आहे, आपलं इंदूर साडेपाचशेवर, त्यामुळे सुरुवातीला दम लागेल, पण सेंट मॉरिट्झ, सिल्वाप्लाना, सिल्स अशा तळ्यांच्या कडेने जाणारी ही वाट बरीचशी सपाट आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, वारा. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दिवसा वारा साधारण खोऱ्यात खालून वर वाहतो, इथे उलटं आहे. मालोयाच्या पलीकडे ब्रेगालियाचं खोरं एकदम खोल उतरतं, तिथली तापलेली हवा वर चढून खिंडीवरून अलीकडे सांडते आणि मग दुपारी तोच वारा मालोयाहून सेंट मॉरिट्झकडे सुटतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी जोर इतका असतो की सिल्वाप्लानाच्या तळ्यावर काइटसर्फिंगवाल्यांची गर्दी होते. म्हणून सकाळी लवकर निघून मालोया गाठायचं आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परत यायचं. उलट केलंत तर सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं होईल. मालोयाच्या वर लुंगीन तळं आहे, इन नदी तिथून निघते आणि तिचं पाणी डॅन्यूबमधून थेट काळ्या समुद्रात जातं, पण तिथवर पायीच जावं लागतं.

दुसरं रोझेग खोरं. पोन्त्रेसिनाहून सातेक किलोमीटर, चढ जेमतेम सव्वादोनशे मीटरचा, खाली दाबून बसलेली बारीक खडी, बाजूला ओढा आणि समोर बर्फाचे डोंगर. वरचं हॉटेल १९९९ मीटरवर आहे. या खोऱ्यात खासगी मोटारींना बंदी आहे, घोडागाड्या चालतात, तर आईंना घोडागाडीत बसवा आणि तुम्ही सायकलवर, जेवण वर एकत्रच होईल!

मल्हारगंज_मावशी

वरच्यांनी घोडागाडीचं छान सांगितलं, त्यात भर घालते. आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा हे सायकलवर आणि मी रेल्वेने, आणि मला एक दिवसही कंटाळा आला नाही. आईंना बर्निना खिंडीवरून जाणाऱ्या रेल्वेगाडीत नक्की बसव. ओस्पित्सिओ बर्निना स्टेशन २२५३ मीटरवर आहे आणि गाडी दात्यांच्या रुळाशिवाय तिथवर चढते, वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. पुढे आल्प ग्र्युमला उतरून चहा घ्यायचा आणि परतीची गाडी पकडायची, चालायला फार लागत नाही. मोर्तेराच स्टेशनवरून हिमनदीकडे जाणारी वाट आहे, तिच्यावर कुठल्या साली बर्फ कुठवर होतं त्याच्या पाट्या लावल्यात, एका पाटीपासून दुसरीपर्यंत चालताना पोटात कालवतं. आईंचे गुडघे बरे असतील तर दोन-चार पाट्यांपर्यंत तरी न्या. आणि खालच्या एंगाडिनमध्ये श्क्वोल गावात गरम पाण्याचे मोठे हौद आहेत, तू खोऱ्यातून फिरून येईपर्यंत त्या तिथे निवांत बसतील. जाडा स्वेटर मात्र हवाच, ऑगस्टमध्येसुद्धा संध्याकाळी गारठा असतो. मेथीचे ठेपले आणि पोह्यांचा चिवडा बरोबर ठेव, डोंगरातली हॉटेलं महाग आहेत.

रानवाट_७२

सर्कल पूर्ण नको हे मान्य, पण त्यातला सगळ्यात सुंदर तुकडा सोडू नका. श्क्वोलहून एस-चार्ल गाव साधारण १३ किलोमीटर, सहाशेएक मीटरचा चढ, आधी डांबर मग खडी. एस-चार्लच्या पुढे तामांगूरचं अरोला पाइनचं जंगल लागतं, जवळजवळ २३०० मीटरपर्यंत ही झाडं उभी आहेत, युरोपात या झाडाचं इतक्या उंचीवर दुसरं जंगल नाही. पिळवटलेली जुनी खोडं, सुया पायाखाली, आणि राळेचा वास. इथे घाई करू नका हो, सायकल टेकवून बसा थोडं. मग कोस्ताइनास खिंड, २२५१ मीटर, तिच्या आधी थोडी पायवाट आहे, उतरून ढकलायला लाजू नका. पलीकडे ल्यू गावात उतरलात की खाली म्युस्टाइर खोऱ्यातून पिवळी पोस्टबस ओफेन खिंडीवरून झेर्नेत्सला येते, सायकलची जागा आधी बुक करावी लागते का ते आदल्या दिवशी बघा. ओफेनचा रस्ता नॅशनल पार्कमधूनच जातो. १९१४ चं पार्क आहे, आल्प्समधलं सगळ्यात जुनं, आतल्या पायवाटांवर सायकल चालत नाही, ढकलतसुद्धा नेऊ नका.

खालचं एंगाडिन उतारावर आहे म्हणून सोपं असेल असं समजू नका. झेर्नेत्स १४७४ मीटरवर, नदी तिथून खाली जाते आणि गुआर्दा मात्र वर १६५३ वर, गावं डोंगराच्या पायऱ्यांवर बसलीत, त्यामुळे चढ-उतार सारखे. तरी गुआर्दाला जाच, तिथल्या घरांच्या भिंतींवर गिलावा खरवडून काढलेली नक्षी आहे. गावातल्या दगडी हौदांवर बाटल्या भरता येतात, पाटीवर पिऊ नये असं लिहिलं नसेल तर पाणी चांगलं.

गिअरबद्दल: पुढच्या ४० ला मागे ३४ दाते चढावर कमी पडतील. मागे ४२ लावा नाहीतर पुढची ३६ करा, डिरेल्युअरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) झेपतंय का ते मेकॅनिकला आधी विचारा. टायर ४० चालतील, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करून घ्या, सत्तर किलो वजनाला हवा ३०-३५ पीएसआय पुरे.

तुकोगंजकर, सध्या म्युनिक

भाड्याच्या सायकलबद्दल राहिलं. घेऊ शकता, पण ग्रॅव्हल बाइक दुकानांत मोजक्याच असतात म्हणून आत्ताच ईमेल करा, आणि आपले पेडल, सीट घेऊन जा. सायकल हातात आली की पहिल्यांदा ब्रेक तपासा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुतेक उजव्या हाताला, तिथे डाव्या हाताला असतो, खडीच्या उतारावर सवयीने डावा दाबला तर पुढचं चाक अडतं. दुकानाबाहेरच पाच-दहा मिनिटं चालवून हाताला वळण लावा, किंवा त्यांना अदलाबदल करून मागा. गाड्याही उजव्या बाजूने चालतात.

गायींच्या कुरणात वाटेवर विजेची तार आडवी असते, तिला प्लास्टिकची मूठ असते. मूठ धरून हुक काढायचा, सायकल पलीकडे नेऊन लगेच परत अडकवायचा, तार उघडी टाकून पुढे जाऊ नका. वासरं असतील तर लांबून वळसा घ्या. ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट होतो, उंचावरच्या राइड दुपारच्या आत संपवा. डोंगरात काही झालंच तर हेलिकॉप्टर बचावाचा नंबर १४१४.

चोरल_घाट, इंदूर

सगळ्यांचे खूप आभार, सर्कल रद्द. मुक्काम पोन्त्रेसिनाला घेतो, मालोया, रोझेग आणि एक दिवस श्क्वोलचा, त्या दिवशी भाऊ आईबरोबर गरम पाण्याच्या हौदावर थांबेल आणि मी एस-चार्लहून तामांगूरपर्यंत जाऊन तसाच परत फिरेन, म्हणजे पोस्टबसची भानगडच नको. मागची ४२ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) उद्याच बघतो. तयारीला जानापावचा चढ बरा की जाम गेटहून निमाडात उतरून परत चढू?

रानवाट_७२

जाम गेट. लांब चढ आहे, बसून एका लयीत पेडल मारायची सवय होते, जानापाव तीव्र आहे पण लवकर संपतं. सिमरोलचा घाट टाळा, ट्रक फार आहेत. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाच्या आधी जोरात दाबायचा आणि सोडायचा, दोन्ही हातांनी. निघायच्या आधी ब्रेक पॅड नवे टाका.