‘सुपरव्हिजन’ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ
मी समुपदेशक आहे. आठ वर्षं प्रॅक्टिस करतेय. महिन्यातून दोनदा माझ्याहून अनुभवी थेरपिस्टकडे जाऊन बसते. कुणाबरोबरचं काम कुठे अडलंय, मी काय बोलले, कुठे गप्प राहायला हवं होतं, कुणाचा राग घरी घेऊन गेले, ते सगळं तिथे निघतं. आमच्या व्यवसायात याला सुपरव्हिजन म्हणतात. सध्या संमतिपत्र मराठीत करायला घेतलंय. त्यात सरळ पुस्तकी शब्द घातला, ‘आपल्या सत्रांची चर्चा पर्यवेक्षकांशी होऊ शकते.’ पहिल्याच बाईंनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘म्हणजे तुमच्या वर कुणी साहेब आहेत का? मग मी त्यांनाच भेटते की.’

तेव्हा हसू आलं, पण शब्द डोक्यात राहिला. कारण माझ्याकडे येणाऱ्या शिकाऊ मुलीही तसंच वागतात. वही छातीशी धरून येतात आणि सांगतात, सगळी सत्रं छान झाली. सगळंच छान झालं असेल तर आम्ही बोलायचं कशावर? दुसरा शब्द सुचवाल का?

धातुपाठ
शब्द बिचारा निर्दोष आहे. परि + अवेक्षण = पर्यवेक्षण. मुळात ईक्ष् म्हणजे पाहणे. निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा ही सगळी त्याच घरातली भावंडं. ‘अवेक्षा’ला संस्कृतात लक्ष देणं, काळजी वाहणं असाही अर्थ आहे, आणि ‘परि’ म्हणजे सभोवार. तेव्हा पर्यवेक्षण म्हणजे चहूबाजूंनी काळजीपूर्वक पाहणं. इंग्रजी शब्द उलट लॅटिनमधल्या ‘वरून पाहणे’ वरून आलाय. बांधकाम खात्यातला ओव्हरसियर शब्दाच्या घडणीने त्याचाच सख्खा भाऊ.

बिघडलंय ते वापराने. शाळेत मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि त्यांच्याखाली पर्यवेक्षक. दहावीच्या वर्गात बाकांमधून फिरतो तो पर्यवेक्षक. अंगणवाड्यांना भेट देतात त्या पर्यवेक्षिका. कॉपी धरणाऱ्या माणसापुढे स्वतःची चूक कोण उघडी करेल?

चौथा बाक
एवढा खल कशाला? सुपरव्हिजनच म्हणा, सगळ्यांना कळतं.

कृष्णाकाठ
कळतं, पण काय कळतं ते बघा. आमच्याकडे एमआयडीसीत सुपरवायझर म्हणजे शिफ्टची हजेरी घेणारा आणि उशीर झाला की खाडा लावणारा. त्या बाईंचे यजमान तिथेच कामाला आहेत. ‘साहेब’ त्यांना उगीच नाही आठवले.

सोफ्याच्या मागे
नाव मूळचंच कडक आहे, आपल्या भाषांतराला दोष नको. फ्रॉइडचे सहकारी माक्स आयटिंगोन यांनी १९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला. तिथे शिक्षणाची तीन अंगं ठरली : स्वतःचं विश्लेषण, अभ्यासवर्ग आणि ज्येष्ठाच्या नजरेखाली केलेले उपचार. या तिसऱ्या अंगाला नाव पडलं ‘कंट्रोल ॲनॅलिसिस’. त्यापुढे आपलं पर्यवेक्षण मवाळच म्हणायचं.

बुडापेस्टच्या मंडळींना मात्र हे पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, शिकणाऱ्याचं स्वतःचं विश्लेषण जो करतो त्यानेच त्याच्या पहिल्या केसकडेही पाहावं. कारण अडतं ते बहुतेकदा शिकणाऱ्याच्याच मनात. बर्लिनवाल्यांनी ही दोन दारं वेगळी ठेवली. आज बहुतेक ठिकाणी बर्लिनची पद्धत चालते आणि मला ती बरोबर वाटते. ज्याच्यासमोर रडायचं, त्यानेच पास-नापास ठरवलं तर रडण्यातही मार्क पाहिले जातील.

तानपुरा
मी थेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं गाणंही शिकतोय. माझं मत ‘तालीम’ या शब्दाला. गाण्यात तालीम म्हणजे गुरूसमोर बसून घेतलेली विद्या, आणि रियाज म्हणजे घरी एकट्याने केलेला. कुस्तीत तालीम, नाटकातही तालीम. ‘अमक्याच्या तालमीत तयार झाला’ असं आपण सहज म्हणतो. तालमीत बेसूर लागणं हा गुन्हा नसतो, त्यासाठीच तर बसायचं असतं.

शिवाय वर्षं उलटली की हात आपोआप बसतो, हे आमच्या क्षेत्रात खरं ठरत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांवर रुग्णांचा. अनुभव वाढत गेला तशी रुग्णांच्या सुधारणेत सरासरी भर पडलीच नाही, उलट अगदी किंचित घट दिसली. उपचार लवकर सोडून जाणारे तेवढे कमी झाले. मला तरी यात नवल वाटलं नाही. वीस वर्षं भजनी मंडळात गाणारे काका माझ्या ओळखीचे आहेत, अजून त्याच जागी सुटतात. कारण त्या जागेवर कुणी बोट ठेवत नाही.

धातुपाठ
‘तालीम’ छान. पण तो अरबीतून आला म्हणून कुणी संमेलनात हरकत घेतली तर मला बोलवा, मी भांडेन. माझी खरी अडचण वेगळी आहे. तालमीत गुरूचा गळा समोर असतो. इथे गुरू त्या खोलीत नसतोच. शिष्याने सांगितलं तेवढंच त्याला कळणार.

तानपुरा
मुद्दा मान्य. म्हणूनच क्लायंटची परवानगी घेऊन सत्राचं रेकॉर्डिंग ऐकवतात. पहिल्यांदा स्वतःचं ऐकलं तेव्हा एका मिनिटात मी अकरा वेळा ‘बरोबर, बरोबर’ म्हणालो होतो. समोरचा माणूस काय म्हणत होता ते मला सुपरव्हायझरांनी सांगितलं.

लीड्सवाली
मी इंग्लंडमध्ये काम करते. इथे सुपरव्हिजन निवृत्तीपर्यंत सुटत नाही. ब्रिटिश असोसिएशन फॉर काउन्सेलिंग अँड सायकोथेरपीच्या मान्यताप्राप्त सदस्याला महिन्याला किमान दीड तास घ्यावीच लागते, मग केस पिकलेले का असेनात. अमेरिकेत साधारणपणे परवाना मिळेपर्यंत सुपरव्हिजन असते, पुढे ती ‘कन्सल्टेशन’ होते. दोन्हींत फरक जबाबदारीचा आहे. सुपरव्हायझरच्या डोक्यावर तुमच्या केसचा काही भार असतो. कन्सल्टेशनमध्ये तो मत देतो, घ्यायचं की नाही ते तुमचं. मराठीत दुसऱ्याला ‘सल्लामसलत’ आयतं आहे. भारतात खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या समुपदेशकावर असं तासांचं बंधन नाही, त्यामुळे कृष्णाकाठ महिन्यातून दोनदा जातात याचं मला कौतुक आहे.

ब्रिजिड प्रॉक्टर या ब्रिटिश समुपदेशिकेने सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आहेत : काम नियमात आहे ना ते पाहणं, थेरपिस्टला घडवणं आणि दमलेल्याला पुन्हा उभं करणं. पहिल्याला पर्यवेक्षण चालेल, दुसऱ्याला तालीम. तिसऱ्याला काय म्हणाल?

चौथा बाक
माहेरपण.

लीड्सवाली
हसत होते, पण यापेक्षा नेमका शब्द मलाही सुचत नाहीये.

तानपुरा
आम्ही पुरुषांनी कुठे जायचं मग? आजोळी?

कृष्णाकाठ
जा की, आजोळीही लाड होतात.

पण माहेरी आपण सासरचं सांगतो तसं सुपरव्हिजनला क्लायंटचं सांगत बसलो तर गडबड होते. गेल्या महिन्यातली गोष्ट (ओळख पटेल असे तपशील बदललेत). एक गृहस्थ येतात. काहीही म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘हो, पण...’ त्यांच्याबद्दल मी तावातावाने सांगत होते. सुपरव्हायझरांनी एक वाट सुचवली. मी म्हणाले, हो, पण ते ऐकणार नाहीत. दुसरी सुचवली. हो, पण तेही करून झालंय. तिसऱ्या ‘हो, पण’ला त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मलाच माझा आवाज ऐकू आला. तो त्या गृहस्थांचा होता.

सोफ्याच्या मागे
हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९५५ मध्ये यावरच लिहिलं. थेरपीच्या खोलीत जे चालतं तेच सुपरव्हिजनच्या खोलीत नकळत उमटतं. पुढे ‘पॅरलल प्रोसेस’ हे नाव रूढ झालं. मराठीत ‘समांतर प्रक्रिया’ लिहितात, आणि त्यावरून भूमितीशिवाय काही आठवत नाही.

धातुपाठ
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हण आहे तोवर प्रक्रिया कशाला?

सोफ्याच्या मागे
मान्य! फक्त म्हणीत पवळ्या बिघडतो आणि गोष्ट तिथेच थांबते. सर्ल्स म्हणतो, लागलेला गुण हीच बातमी आहे. क्लायंटने जे शब्दांत सांगितलं नाही ते थेरपिस्टच्या अंगातून सुपरव्हायझरपर्यंत पोचलं.

धातुपाठ
मग माझी सूचना अशी. आपण नाम शोधत बसलोय, कारण इंग्रजीत नाम आहे. मराठी बोलताना आपण क्रियापदाने काम भागवतो. ‘मांडणे’ घ्या. डाव मांडतात, हिशोब मांडतात, कैफियत मांडतात. तुम्ही लोक ‘केस मांडली’ म्हणताच ना? तेच लिहा.

कृष्णाकाठ
म्हणतो. दोन दिवस तेच घोळवत होते, ‘तुमची केस मी ज्येष्ठ थेरपिस्टसमोर मांडते.’ पण मग त्या बाई डोळ्यांसमोर आल्या. ‘तुमची केस मांडते’ म्हटलं की टेबलावर त्या येतात. कोर्टाचाही वास येतो. गोपनीयतेचा हक्क तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नेच दिलाय, त्यामुळे इथे शब्द सैल ठेवून चालणार नाही. आणि त्या ‘हो, पण’च्या दिवशी टेबलावर ते गृहस्थ नव्हतेच, मी होते.

तेव्हा रात्री असं लिहिलं : ‘मी माझं काम दर महिन्याला एका अनुभवी थेरपिस्टपुढे मांडते आणि तपासून घेते. त्यात तुमचं नाव किंवा ओळख पटेल असं काही सांगत नाही.’

आज त्या बाईंना नवा कागद दिला. वाचून म्हणाल्या, ‘असं होय. मग मागच्या वेळी तुम्ही माझं बोलणं मधेच तोडलंत, तेही सांगा त्यांना.’

सही केली त्यांनी. गुरुवारी सांगणार आहे.