ऱ्होए कमी केलं तरी मेलानोमा पेशी मऊ होत नाहीत, मदत हवी आहे

मुंबईत पीएचडी करतेय. ए३७५ या मेलानोमा (त्वचेच्या कर्करोगाच्या) पेशींमध्ये एसआयआरएनएने (ठरावीक जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) ऱ्होए हे पेशीचा ॲक्टिनचा सांगाडा ताणून धरणारं प्रथिन कमी केलं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) त्याची पट्टी जवळपास दिसतच नाही. फॅलॉइडिनने (ॲक्टिनला चिकटणारा पदार्थ) रंगवल्यावर ॲक्टिनचे जाड तंतू विरळ झालेत, कडेला नुसती बारीक जाळी उरलीय. तरी एएफएमवर (बारीक टोकाने पेशी दाबून मोजणारं यंत्र) यंग मापांक, म्हणजे कडकपणा, कंट्रोलइतकाच! वाय-२७६३२ (ऱ्होएच्या पुढच्या रॉक एन्झाइमला रोखणारं रसायन) दिल्यावर तो व्यवस्थित उतरतो, त्यामुळे कॅलिब्रेशनवर संशय नाही.

टोक गोल, ५ मायक्रॉनचं, ५०० नॅनोमीटर खोल, केंद्रकावर, हर्ट्झ मॉडेल (दाबावरून कडकपणा काढायचं सूत्र). पेशी काचेवर, ७२ तासांनी. कंट्रोलला स्क्रॅम्बल्ड (कुठलंच जनुक गप्प न करणारा) एसआयआरएनए. कडेला पेशी इतकी पातळ की खालची काचच मोजली जाईल अशी भीती वाटते.

एएफएमचा स्लॉट महिन्यातून दोनदाच मिळतो. पुढच्या स्लॉटआधी ऱ्होबी-ऱ्होसी या ऱ्होएच्या भावंड प्रथिनांचे ब्लॉट करू (ती त्याची जागा घेतायत का बघायला), की मोजायची जागा आणि खोलीच बदलू?