मदत हवी आहे: स्टेंटच्या गोळ्या चालू असताना डेंग्यू झाला तर?

आम्ही नागपूरला, मनीषनगरात राहतो. बाबा ७१ वर्षांचे. या उन्हाळ्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला, त्यामुळे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या रोज चालू आहेत. मागच्या वर्षी त्यांना डेंग्यू होऊन गेला, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो, म्हणून फार काळजी वाटते. पूर्वी दिवाळीनंतर गारठा पडला की डास कमी व्हायचे. आता पाऊस लांबतो, नोव्हेंबरातही दुपारी उकडतं, गल्लीत तापाचे पेशंट आहेतच.

घरातलं सगळं केलंय: मच्छरदाणी, जाळ्या, पाण्याचे ड्रम झाकलेले. कूलरची टाकी रिकामी करून आतून ब्रशने घासली, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

अडचण वेगळीच आहे. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, गोळ्या एक दिवसही चुकवू नका. फॅमिली डॉक्टर म्हणतात, ताप आला की आधी ॲस्पिरिन थांबवा; डेंग्यूत प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होतात आणि या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. सध्या ताप नाही, पण तेव्हा धावपळ नको. तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन नाही, हे माहीत आहे.

इथल्या डॉक्टरांना किंवा यातून गेलेल्यांना विचारायचंय: प्लेटलेट किती खाली गेल्यावर या गोळ्यांचा निर्णय घेतात, आणि दोन्ही डॉक्टरांकडून तो आत्ताच लेखी कसा घ्यावा?