मदत हवी आहे: ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात लग्न, होम करू देतात का?

चष्मिष_८९: मंडळी, जरा घाईत आहे. लग्नासाठी बॉडलियनचा डिव्हिनिटी स्कूल नावाचा हॉल बघून आलो. छताची ती दगडी जाळी बघितल्यावर दुसरा हॉल डोळ्यांत भरेना. आगाऊ रक्कम याच आठवड्यात भरायची आहे. घरच्यांना होम हवाच. कुणी केलाय का तिथे?

थेम्सकाठी: माणसं किती? तारीख काय? कायदेशीर लग्नही तिथेच, की नुसते विधी? दोघंही इथलेच का?

चष्मिष_८९: शंभरेक माणसं. बाकीचं ठरलंय हो, फक्त होमाचं सांगा.

वाचनवेडी: तिथे वाचक म्हणून नाव घालताना आजही वचन द्यावं लागतं, की ग्रंथालयात आग किंवा ज्योत आणणार नाही, पेटवणार नाही. आगीच्या धास्तीने १८४५ पर्यंत तिथे शेगडीसुद्धा नव्हती. विजेचे दिवे आले १९२९ मध्ये, तोवर अंधार पडला की वाचन बंद. आणि तुमच्या त्या दगडी छताच्या बरोब्बर वर काय आहे ते बघितलंत का? ड्यूक हम्फ्रेचं ग्रंथालय, १४८८ चं, जुनी पुस्तकं आणि लाकडी छत. खाली तुपाची आहुती द्यायची म्हणताय!

अक्षतांचंही आधीच विचारून घ्या. फटीत गेलेला तांदूळ झाडूने निघत नाही. त्यावर उंदीर येतात, किडे येतात, आणि कसर एकदा पुस्तकात शिरली की पानांची चाळण होते. कुंकू दगडावर चुरडलं गेलं तर तो डाग वेगळाच.

खवट: १६४५ मध्ये खुद्द राजा पहिल्या चार्ल्सने एक पुस्तक मागवलं होतं. बाहेर देत नाही म्हणून सांगितलं त्याला. हे होमकुंड मागतायत.

गुरुजींचा_नातू: एवढं घाबरवू नका. बॅटरीवरचं होमकुंड मिळतं. आत पंखा, वर रेशमी कापड, खालून केशरी दिवा. फोटोत ओळखू येत नाही. माझ्या मावसभावाचं तसंच झालं.

खवट: म्हणजे सप्तपदी पंख्याच्या साक्षीने?

गुरुजींचा_नातू: संसार नीट चाललाय त्यांचा. तुम्ही आपलं बघा.

मधली_आळी: त्यापेक्षा मुंबई विद्यापीठाचं राजाबाई टॉवरचं ग्रंथालय बघा. गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा, १८७८ मध्ये पूर्ण झालं, रंगीत काचा तर अहाहा!

थेम्सकाठी: तिथे लग्नाला देतात?

मधली_आळी: देतात असं कुठे म्हटलं मी? बघा म्हटलं.

थेम्सकाठी: धागाकर्ते, तारीख आणि व्हिसा अजून सांगितला नाहीत.

चष्मिष_८९: ७ जून. मी इथे नोकरीला आहे. ती भारतातून १५ मेच्या आसपास येईल. व्हिसा नेहमीचाच, फिरायला येतात तो. का?

थेम्सकाठी: मग आग राहू द्या बाजूला, तुमची तारीखच बसत नाही. पर्यटक व्हिसावर इथे लग्न करता येत नाही, त्याची नोटीसही देता येत नाही. लग्न करून परत जाणार असेल तर विवाहासाठीचा वेगळा व्हिसा असतो. इथेच राहणार असेल तर वाग्दत्त वधूचा, तो सहा महिन्यांचा. पुढे, दोघांनी इंग्लंडमध्ये सलग ७ दिवस राहून झाल्यावर नोटीस, आणि त्यानंतर पूर्ण २८ दिवस थांबायचं. तिला व्हिसा लागतो म्हणून गृहखातं ते ७० पर्यंत नेऊ शकतं. २३ मेला नोटीस दिलीत तरी २१ जून उजाडतो, आणि तो सगळं सरळ झालं तर.

शिवाय कायदेशीर लग्न लावणारा निबंधक ग्रंथालयाचा नसतो, तो काउंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडून, वेगळा ठरवावा लागतो. त्याच्यासमोरच्या लग्नात धार्मिक काहीही चालत नाही, मंगलाष्टकंसुद्धा नाहीत. विधी त्याआधी किंवा नंतर, वेगळे.

चष्मिष_८९: बापरे. हे त्या वेडिंग प्लॅनर बाईंनी सांगायला नको होतं? त्या फुलांच्या कमानीवरच अडकल्यात.

वाचनवेडी: कमानीला परागकण असलेली फुलं नकोत म्हणून सांगा.

गुरुजींचा_नातू: सोपं आहे. भारतात होम करून लग्न लावा, नोंदणी करा, ऑक्सफर्डला नुसता सोहळा ठेवा. मग निबंधकही नको, नोटीसही नको.

खवट: पहिल्यांदाच कामाचं बोललात.

थेम्सकाठी: सहमत. पण घाईघाईत विशेष विवाह कायद्याकडे वळू नका, तिथेही ३० दिवसांची नोटीस आहे. हिंदू विवाह कायद्याखाली विधी आधी, नोंदणी मागून. आणि लग्नानंतर ती इथे राहायला येणार असेल तर तो जोडीदाराचा व्हिसा, त्याला वेळ लागतो. ७ जूनला ती फक्त पाहुणी म्हणून येणार का, ते आधी ठरवा.

चष्मिष_८९: हॉलवाल्यांना तारीख पुढे ढकलता येते का विचारतो. आई होमाशिवाय ऐकणार नाही, म्हणजे भारतातच.

मधली_आळी: भारतातच करताय तर मुंबईला येऊन राजाबाई टॉवर बघून जा. शंभर माणसांचं भाडं किती सांगितलं हो ऑक्सफर्डच्या हॉलवाल्यांनी?