उत्तर १०^९ + ७ ने भागून बाकी द्या: हीच संख्या का, आणि भागाकार कसा करायचा?

ऐरोलीकर:
आमच्या अभ्यासगटातला प्रश्न: वाशीच्या सेक्टरांसारखी १००० × १००० चौकटींची जाळी. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कुठेही मागे न वळता जायचे मार्ग किती? उत्तर २०००! ÷ (१०००! × १०००!), म्हणजे ६०१ अंकी संख्या. म्हणून १,००,००,००,००७ ने भागल्यावरची बाकी मागितली आहे. वर-खाली बाकी घेऊन भागलं की उत्तर चुकतं. शिवाय ही संख्या मूळ (१ आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी) आहे हे सगळे गृहीत धरतात. ते स्वतः कसं पडताळायचं?

घोडबंदर_रोड:
बाक्यांचा थेट भागाकार होत नाही. छेदाचा गुणाकार व्यस्त (ज्याने छेदाला गुणलं की बाकी १ येते ती संख्या) काढून त्याने गुणा. ज्या संख्येने भागून बाकी घेतो तिला पी म्हणू, इथे १,००,००,००,००७. पी मूळ असेल आणि अ हा पी च्या पटीत नसेल, तर फर्माच्या प्रमेयानुसार अ^(पी−१) ची बाकी १ येते. म्हणून अ चा व्यस्त अ^(पी−२). घात १,००,००,००,००५ असला तरी वर्ग करत गेलात तर २९ वर्गांत काम होतं. व्यस्त काढणारं फंक्शन तपासायला २ द्या, ५०,००,००,००४ आलं पाहिजे.

हमखास चुका: दोन बाक्यांची बेरीज जास्तीत जास्त २,००,००,००,०१२, ती ३२ बिटांच्या इंटमध्ये बसते, गुणाकार बसत नाही. तो ६४ बिटांच्या लाँग लाँगमध्येच करा. सी++ मध्ये वजाबाकीनंतर बाकी ऋण येऊ शकते, तेव्हा पी मिळवा. आणि घाताची बाकी घ्यायची असेल तर पी ने नव्हे, पी−१ ने. ही चूक छोट्या उदाहरणांत दिसतच नाही.

नौपाड्याचा_गणिती:
मूळ असल्याचं पडताळायला ३१,६२२ पर्यंतच्या ३४०१ मूळ संख्यांनी भागून बघणं पुरेसं आहे, संगणकाला क्षणाचं काम. पण याहून सुंदर वाट आहे.

पी−१ = २ × ५०,००,००,००३. या दुसऱ्या अवयवाला क्यू म्हणू. तो मूळ आहे हे २२,३६० पर्यंत भागून दिसतं. आता २^(पी−१) ची बाकी १ येते एवढं काढा. समजा पी संयुक्त आहे. मग त्याचा एक मूळ अवयव आर हा ३१,६२२ च्या आत हवा. आर ने भागताना २ चा ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते, तो घात २ × क्यू चा भाजक असतो. तो १ किंवा २ असू शकत नाही, कारण मग आर = ३ ठरेल, आणि पी च्या अंकांची बेरीज ८ आहे, ३ ने भाग जात नाही. म्हणजे त्या घातात क्यू आलाच, आणि फर्माच्या प्रमेयानुसार तो घात आर−१ चाही भाजक असल्याने आर−१ ला क्यू ने भाग जातो. मग आर पन्नास कोटींच्या वर! विसंगती, म्हणून पी मूळ.

नुसत्या फर्मा-चाचणीवर, म्हणजे २^(पी−१) ची बाकी १ येते एवढंच बघून, थांबू नका. ३४१ = ११ × ३१, तरी २^३४० ला ३४१ ने भागल्यावर बाकी १ येते.

ऐरोलीकर:
क्यू मुळे आणखी काही सोपं होतं का?

नौपाड्याचा_गणिती:
हो. पी ला ४ ने भागल्यावर बाकी ३, म्हणून अ चं वर्गमूळ (ज्याच्या वर्गाची बाकी अ येते ती संख्या) असेल तर ते अ^२५,००,००,००२. उत्तराचा वर्ग करून पाहा, कारण निम्म्या संख्यांना वर्गमूळ नसतंच.

घोडबंदर_रोड:
उलट बाजूही सांगतो: बहुपदींच्या जलद गुणाकाराला पी−१ मध्ये २ चा मोठा घात लागतो, इथे २ एकदाच येतो, म्हणून ही संख्या थेट चालत नाही. तिथे ९९,८२,४४,३५३ घ्या, त्यातून १ वजा केला की ११९ × २^२३ उरतात.