काचेचं वजन आधी काढा, माणसं मग ठरवा

एकाने विचारलंय की ७ बाय ४ फुटाची १२ एमएम टफन (म्हणजे तापवून कडक केलेली) काच दोघंजण जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेतील का, तर आधी हिशोब बघा. १ चौरस मीटर काच, १ एमएम जाडी, वजन अडीच किलो. फुटात मोजत असाल तर चौरस फुटाला दर एमएममागे २३२ ग्रॅम धरा. ही काच २८ चौरस फूट, गुणिले १२, गुणिले ०.२३२, म्हणजे जवळजवळ ७८ किलो!! सपाटीवर दोघांत ३९-३९ किलो वाटतं पण जिन्यात तसं नसतं हो, खालच्या माणसावर जास्त भार येतो आणि वळणावर तर तो भिंतीत अडकतो. चार माणसं घ्याच, आणि जिन्याचं वळण आधी टेपने मोजा.

टफन केली म्हणून वजन बदलत नाही. डबल ग्लेझिंग (दोन काचा, मधे हवा) असेल तर फक्त काचांची जाडी धरा, मधली हवा सोडा, म्हणजे ६+१२+६ (काच, हवा, काच) ला १२ एमएमच.

सक्शन कप (काचेला चिकटवून ती उचलायचे रबरी कप) लावताना काच आणि रबर दोन्ही कोरडं पुसून घ्या, धुळीवर पकड सुटते, आणि कपावर लिहिलेली क्षमता बघितल्याशिवाय उचलू नका. काच उभीच न्यायची, टफनचा कोपरा फरशीवर टेकवायचा नाही, खाली लाकूड किंवा रबर ठेवा. आणि काच उचलणाऱ्या पोरांना निक्षून सांगा, काच सुटली तर धरायला जायचं नाही, बाजूला व्हायचं. काच दुसरी येते.